विशेष शिक्षण आणि समाजकार्य: दोन्ही करा, पण एकदम नको

घाटंजी तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय २४, बी.ए.ला ५२ टक्के, घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सध्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका निवासी शाळेत काळजीवाहक म्हणून काम करतात. त्यांना पहिली ते पाचवीच्या दिव्यांग मुलांना शिकवायचं आहे आणि त्या मुलांच्या घरच्यांसोबतही काम करायचं आहे. ‘इथं सारं शिकवतो, पोट्टं दिवाळीले घरी जाते आन् सारं विसरून येते,’ असं त्या लिहितात. अमेरिकेत विशेष शिक्षण आणि समाजकार्य या दोन पदव्या जोडून करता येतात, असं त्यांच्या वाचनात आलं. त्या विचारतात: आपल्याकडे तसं आहे का? नसेल तर बी.एड. विशेष कॉलेजात आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मुक्त विद्यापीठातून असं एकाच वेळी केलं तर चालेल का? आणि शाळेतले लोक सांगतात तसं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आधी करून घेऊ का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पैसे तिथेच बुडतात. शिक्षक होण्यासाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र चालत नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा आहे. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा अभ्यासक्रम या परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेला असावा लागतो आणि शिक्षकाचं नाव केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत असावं लागतं. त्या नोंदणीला सगळे सीआरआर नंबर म्हणतात. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं या कायद्याचं कलम १३ सांगतं. आरसीआयचाही समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून ‘दिव्यांग मित्र’ तयार होतात. तो चांगला आहे, गावपातळीवर उपयोगी आहे, पण त्याने वर्गावर शिक्षक म्हणून उभं राहता येत नाही.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तीन गोष्टी जुळवून पाहा: संस्थेचं नाव आणि पत्ता, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव दिव्यांगत्वाच्या प्रकारासह, आणि तुम्ही प्रवेश घेणार ते शैक्षणिक वर्ष. फसगत बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीत होते. संस्था खरी असते, मान्यताही कधीकाळी होती, पण तिची मुदत तुमच्या तुकडीच्या आधीच संपलेली असते. मग दोन वर्षांनी हातात गुणपत्रिका येते आणि सीआरआर नंबर मिळत नाही.

आता जोड पदवीबद्दल. अमेरिकेत काही विद्यापीठांत ती आहे हे खरं. तिथे काही विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) दोन्ही पदव्यांसाठी धरले जातात, म्हणून एकूण काळ कमी होतो. क्षेत्रकार्यात मात्र सूट नसते. तिथल्या समाजकार्य शिक्षणाच्या मान्यता परिषदेच्या नियमाप्रमाणे एमएसडब्ल्यूसाठी किमान ९०० तास क्षेत्रकार्य करावंच लागतं. आपल्याकडे विशेष शिक्षण आरसीआयच्या हाती आणि एमएसडब्ल्यू विद्यापीठांच्या हाती. अशी जोड आपली आपणच घालावी लागते.

एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ, किंवा वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष. म्हणजे कागदावर तुमचा बेत बसतो. तरीही आम्ही नको म्हणतो. यूजीसीच्या त्याच सूचनेत ज्या त्या व्यावसायिक परिषदेचे नियम कायम राहतील असंही आहे, आणि शिक्षक प्रशिक्षणात हजेरीचे नियम कडक असतात. शिक्षक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, बी.एड.च्या निकषांत वर्ग आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के हजेरी आहे. विशेष शिक्षणातही सकाळी शाळा, दुपारी तासिका आणि रात्री पाठाचं टाचण असाच दिवस जातो. दुसरीकडे इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू दूरस्थ असलं तरी त्यातलं क्षेत्रकार्य घरबसल्या होत नाही. संस्था शोधावी लागते, मार्गदर्शक समाजकार्य शिकलेला लागतो, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो. तालुक्याच्या गावी असा मार्गदर्शक मिळणंच अवघड. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: क्षेत्रकार्याची डायरी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एका बैठकीत भरली जाते. पदवी मिळते, पण ज्यासाठी एमएसडब्ल्यू करायचं ते गृहभेटीचं, ऐकून घेण्याचं, कागदावर नेमकं मांडण्याचं कसब येत नाही. तुमच्यासारख्या मनापासून काम करणाऱ्या मुलीने हे करू नये असं आम्हाला फार वाटतं.

म्हणून आधी विशेष शिक्षण, मग काही काळ वर्गावर प्रत्यक्ष काम, मग एमएसडब्ल्यू. उलट क्रम का नको? एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर कधीही जाऊ शकतो, ते दार बंद होत नाही. सीआरआर नंबर नसला तर मात्र तुमचं मूळ काम, मुलांना शिकवणं, सुरूच होत नाही. शिवाय आधी शिकवलेलं असलं की समाजकार्याच्या वर्गात प्रत्येक सिद्धांताला तुमच्याजवळ एक खरं मूल असतं.

आता बी.एड. की डी.एड.? इथे तुमच्या घरच्यांना आमचं उत्तर आवडणार नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एड. विशेष करा. एनसीटीईच्या २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते पाचवीसाठी बारावी ५० टक्क्यांसह आणि दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डिप्लोमा अशी पात्रता आहे, बी.एड. विशेष सहावी ते आठवीकडे येतं. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला घेण्याची वाट २०१८ च्या अधिसूचनेने उघडली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात बंद केली. बी.ए. झाल्यावर डिप्लोमा म्हणजे पायरी उतरणं, असं नातेवाईक म्हणतील. तुमची पदवी कुठे जात नाही. तिच्यावरच पुढे एमएसडब्ल्यू होणार आहे. वेळही तेवढाच: दोन आणि दोन, चार वर्षं. एक गोष्ट मात्र जाणून घ्या. पुढे एम.एड. विशेष करून प्राध्यापक व्हायचं असेल तर त्याला बी.एड. लागतं, नुसतं डी.एड. पुरत नाही. तसं मनात असेल तर राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. सामान्य व विशेष ही परीक्षा द्या. तुमच्या पत्रातून तरी ओढ लहान मुलांकडे दिसते. डी.एड. विशेषच्या प्रवेशाची सूचना आरसीआयच्या संकेतस्थळावर निघते. राज्याची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देताना पेपर पहिला हा पहिली ते पाचवीसाठी असतो, तोच भरा.

प्रकार कुठला घ्यायचा? श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. तुम्ही बौद्धिक व विकासात्मक अक्षमता घ्या. तुम्ही रोज ज्या मुलांसोबत आहात ती हीच, आणि खेड्यातल्या शाळेत ज्यांना घेऊन शिक्षक अडतात तीही बहुतेक हीच.

दिवाळीनंतर मूल सारं विसरून येतं, या तुमच्या वाक्यात दोन्ही विषयांची गाठ आहे. पुष्कळदा मूल विसरलेलं नसतं. ते जेवायला शिकलं शाळेच्या खणाच्या स्टीलच्या ताटात, टेबलावर, एकाच ताईसमोर. घरी ताट वेगळं, बसायचं जमिनीवर, समोर आजी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका जागचं कौशल्य दुसऱ्या जागी नेणं आपोआप जमत नाही, ते वेगळं शिकवावं लागतं. म्हणून आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिताना ‘स्वतः जेवेल’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘घरच्या ताटातून, जमिनीवर बसून, भाकर मोडून कालवणात बुडवून तोंडापर्यंत नेईल, फक्त तोंडी सूचना, पाचपैकी चार वेळा, तीन महिन्यांत.’ कृतीचे तुकडे पाडा: ताटासमोर बसणं, डाव्या हाताने भाकर धरणं, उजव्याने तुकडा मोडणं, बुडवणं, तोंडात घालणं. कुठला तुकडा स्वतः करतो, कुठल्याला हात धरावा लागतो हे तारखेसह टिपून ठेवा. शेवटचा तुकडा आधी शिकवला तर मुलाला लगेच यश मिळतं, आणि तिथून मागे मागे जाता येतं. सुट्टीच्या आधीचे पंधरा दिवस घरून आणलेल्या ताटवाटीवर आणि निदान तीन वेगवेगळ्या माणसांसोबत सराव घ्या. पालक न्यायला येतात त्या दिवशी आईला नुसतं सांगू नका, एक जेवण तिच्याकडूनच भरवून घ्या.

हे झालं शिक्षण. पण आई कापूस वेचायला पहाटे निघत असेल, घरी धाकटं भावंड आणि आजीच असेल, तर हा आराखडा कुणाच्या भरवशावर चालणार? इथे समाजकार्य लागतं. घरात कोण कोण आहे, कोण किती वाजता असतं, मूल कुणाचं ऐकतं, हंगामात काय बदलतं, हे गृहभेटीत विचारायचं आणि आराखडा त्याला जुळवून घ्यायचा. आपल्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी, मोहफुलाच्या दिवसांत आणि मे महिन्यात तेंदूच्या वेळी जंगलकाठची गावं रिकामी. मुलाची गैरहजेरी ‘पालकांची अनास्था’ म्हणून नोंदवणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं आहे. महिनावार हजेरी काढून शेजारी शेतीचं वेळापत्रक मांडलं की खरं कारण दिसतं. मग मदतनीस भत्ता, प्रवासभत्ता किंवा शेजारच्या मुलासोबत येण्याची सोय यांतलं काय लागेल ते ठरवता येतं.

कागदपत्रांचंही तसंच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, नाही म्हणजे योजना नाहीत, हे पालकांना शंभरदा सांगून झालेलं असतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीला जायचं म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. महिलांना एसटीत अर्ध तिकीट आहे, तरी खर्च होतोच. एखादा कागद राहिला आणि परत यावं लागलं की ते कुटुंब पुन्हा जात नाही. म्हणून आधी ऑनलाइन अर्ज भरा, तपासणीचा वार फोनवर पक्का करा, आधार, रेशन कार्ड, फोटो, जुने उपचाराचे कागद आणि मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या आरबीएसके पथकाची संदर्भचिठ्ठी एका पिशवीत आदल्या दिवशीच ठेवायला लावा. कार्ड आल्यावर थांबू नका. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो ग्रामसभेत विचारा. तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. ती पळवाट होऊ देऊ नका. चालत शाळेत येऊ शकणारं मूल ‘गृहाधारित’ म्हणून नोंदवलं जातं आणि मग त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, असं होतं.

विदर्भात दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतील. पहिली, भाषा. तुमच्या भागात कोलाम पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल घरी कोलामी बोलतं, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया. पहिलीत आलेल्या अशा मुलाची मराठीतून चाचणी घेतली तर ते मागे पडलेलं दिसणारच. म्हणून आधी आईला किंवा मोठ्या बहिणीला शेजारी बसवून तिच्या भाषेत साध्या सूचना द्यायला सांगा: ‘लोटा आण’, ‘दोन दगड दे’. घरच्या भाषेत मूल नीट वागत असेल तर त्याला भाषेची मदत हवी आहे, प्रमाणपत्र नको. आणि बुद्ध्यांकाचा शिक्का मारणं हे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं काम. विशेष शिक्षकाने कार्यात्मक मूल्यमापन करावं, म्हणजे मूल रोजची कोणती कामं किती करू शकतं ते पाहावं, त्यासाठी एफएसीपीसारखी तपासयादी शिकवली जाते.

दुसरी, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, आणि आपल्या भागात ही मुलं बऱ्याच शाळांत सापडतील. ती मंद नसतात. दुखण्याच्या झटक्यांनी शाळा बुडते, रक्त कमी म्हणून थकतात, आणि काहींच्या मेंदूला रक्तपुरवठा अडून लक्ष आणि स्मरण यांवर परिणाम होतो, तोही बाहेरून न दिसता. अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणं, लघवीला जाण्याची मोकळीक, थंडीत सकाळच्या कवायतीतून सूट आणि बुडालेल्या अभ्यासाचा वेगळा कागद एवढं केलं तरी खूप होतं. चांगलं शिकणारं मूल अचानक मागे पडू लागलं तर ते आळस समजू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

दोन्ही कामं एका माणसाने करताना एक गोष्ट नेहमी गुंतते. आई तुम्हाला घरात जे सांगेल, नवऱ्याचं पिणं, मारहाण, कर्ज, ते शाळेच्या वहीत लिहायचं नसतं आणि शिक्षकांच्या खोलीतही बोलायचं नसतं. आयईपीची फाइल वेगळी, गृहभेटीची वेगळी, दुसरी कुलपात. याला एकच अपवाद. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे झालं असं नाही. चाइल्डलाइन १०९८ आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांची मदत घ्या. न बोलू शकणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं.

एमएसडब्ल्यूसाठी यवतमाळ, नागपूर, वर्धा, गडचिरोली इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत. नागपूरचं तिरपुडे आणि मातृसेवा संघाचं, यवतमाळचं सावित्री ज्योतिराव ही जुनी नावं. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. क्षेत्रकार्य आठवड्यातून किती दिवस, मार्गदर्शकाशी बैठक दर आठवड्याला होते का, आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, विद्यार्थी पाठवतात का, एवढं विचारा. त्या केंद्राच्या मंजूर रचनेत विशेष शिक्षक आणि समाजकार्यकर्ता ही दोन्ही पदं आहेत, त्यामुळे दोघांचं काम एकाच छताखाली पाहायला मिळतं. विशेषीकरण असेल तर कुटुंब व बालकल्याण किंवा वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य घ्या. लघुप्रबंधासाठी मोठा विषय नको. एका शालेय केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दिव्यांग मुलांची महिनावार हजेरी आणि शेतीचा हंगाम, एवढाही पुरे. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधीच घ्या, नाहीतर शेवटच्या महिन्यात हजेरीपटच बघायला मिळत नाही.

पैशांचं पाहू. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या नियमांत एका व्यावसायिक शाखेचं शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या शाखेत गेलेल्याला शिष्यवृत्ती नाही असं कलम आहे, बी.एड.नंतर एलएलबी हे उदाहरणही तिथेच दिलेलं आहे. डी.एड. विशेषनंतरच्या एमएसडब्ल्यूला ते आडवं येईल का, हे प्रवेशाच्या आधी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारा, शक्यतो लेखी. त्यावरच पूर्णवेळ एमएसडब्ल्यू की नोकरी सांभाळून इग्नूचं, हे ठरेल. नोकरी लागल्यावर एकट्या इग्नूला आमची हरकत नाही, कारण तेव्हा तुमच्या कामाची जागा क्षेत्रकार्याला जवळची असेल. सीआरआर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सतत पुनर्वसन शिक्षणाच्या प्रशिक्षणांचे, १०० गुण लागतात. ते शेवटच्या वर्षासाठी साठवू नका, दरवर्षी एक-दोन प्रशिक्षणं करा.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर दोन पदव्यांचा पगार दुप्पट होत नाही, आणि बरीच पदं कंत्राटी आहेत. तरी वारं अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. एमएसडब्ल्यू झालं की डीईआयसी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि संस्थांमधली कामं खुली होतात.

आताचं काम प्रवेश होईपर्यंत सोडू नका. कामाचं अनुभवपत्र पदनाम आणि तारखांसह मागून घ्या. आणि शाळेतल्या नोकरीसाठी कुणी ‘जागा धरून ठेवतो, मान्यता येतेच आहे’ म्हणून पैसे मागितले तर तीन कागद दाखवायला सांगा: शाळेचा मंजूर आकृतिबंध (मंजूर पदांची यादी), बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) आणि पद भरायची परवानगी. दाखवत नसतील तर ज्या कार्यालयाकडे त्या शाळेची मान्यता आहे तिथे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर एक रुपयाही देऊ नका.